रंग टिकतो कशाने? माती, हिरडा आणि चुना घेऊन पहिल्यांदा रंग करायला बसणाऱ्यांसाठी

दिवाळीआधी आपण कुंड्यांना आणि तुळशीवृंदावनाला गेरू लावतो. सुकल्यावर त्यावरून बोट फिरवलं तरी बोट तांबडं होतं, आणि एखादी अवकाळी सर आली की अंगणभर ओघळ. अजिंठ्याच्या भिंतींवरचा तांबडाही अशाच लोहाच्या मातीचा आहे, पण तो पंधराशे वर्षं जागचा हललेला नाही. माती एकाच जातीची. कुंडीवर तिला धरून ठेवणारं काहीच नसतं. अजिंठ्यात माती आणि भुश्याचा गिलावा, त्यावर चुन्याचा पातळ हात, रंगात कालवलेली खळ आणि डोक्यावर डोंगर, एवढं सगळं तिला धरून आहे.

रंग घरी करायला शिकणाऱ्याने छटांच्या मागे लागण्याआधी हा प्रश्न विचारावा: हा रंग पृष्ठभागाला धरून राहणार कशाने? त्याची तीन उत्तरं इथे करून बघायची आहेत. डिंकाने चिकटवणं, धाग्याच्या आत रासायनिक क्रियेने उगवणं आणि चुन्यात गोठणं. तिन्हींचं सामान किराणा दुकानात, काष्ठौषधींच्या दुकानात आणि परसात मिळतं. खर्च चारपाचशे रुपयांच्या आत बसावा. वेळ मात्र द्यावा लागेल, कारण गाळ खाली बसायला रात्र लागते आणि तिथे घाई चालत नाही.

आधी हे वाचा, मग हात घाला

रंगाची कोरडी पूड फुफ्फुसात जाणं वाईट, मग ती साधी माती का असेना. चाळताना आणि कुटताना मास्क लावा, पंखा बंद ठेवा. रंगासाठी घेतलेला खलबत्ता, गाळणी, पातेलं परत स्वयंपाकात आणू नका.

जुन्या पाककृती वाचून शेंदूर, हिंगूळ किंवा हरताळ विकत आणायचा मोह होतो. आणू नका. शेंदूर शिशाचा, हिंगूळ पाऱ्याचा, हरताळ आर्सेनिकचा. पोथी लिहिताना चूक झाली की त्या ओळीवर पिवळा हरताळ फासून ती झाकत असत. ‘नियमाला हरताळ फासला’ असं आपण म्हणतो ते तिथूनच आलं. शब्द वापरा, पूड नको.

हळदीबद्दलही सांगून ठेवते. नवशिक्याचा पहिला हात हळदीकडे जातो, आणि रंग दिसतोही सुरेख. पण उन्हात काही दिवसांत उडतो. गेरू, काजळ यांचे कण पाण्यात विरघळत नाहीत, नुसते तरंगतात आणि खाली बसतात. तेच इथे आपल्याला हवे आहेत.

मातीपासून जलरंग

माती शोधायला लांब जावं लागत नाही. कोकणातली जांभ्याची तांबडी माती, विहीर खणताना जांभ्याखाली लागणारी पिवळट चिकट माती, घाटावरच्या ओढ्याकाठची करडी माती, गणपतीची शाडू, सगळी चालते. काळी रेगूर मात्र पहिल्या प्रयत्नाला घेऊ नका. पाण्याने ती फुगते आणि सुकताना आकसते. शेताला भेगा पडतात तशाच त्या रंगाच्या वडीलाही पडतात. रस्त्याकडेची किंवा कारखान्याजवळची माती टाळा. दुकानातला गेरू चालेल, पण त्यात रंगवलेली खडूची पूड असू शकते. मी एकदा फसले आहे. चिमूटभर पूड काचेच्या पेल्यात पाण्यात ढवळून रात्रभर ठेवा. सकाळी वरचं पाणी नितळ दिसलं तर घ्या. पाणी गुलाबी किंवा केशरी राहिलं तर त्यात विरघळणारा रंग मिसळलेला आहे.

माती निथळणं हा या कामातला सगळ्यात महत्त्वाचा भाग, आणि शिकणारे तोच उरकून टाकतात. वाटीभर माती कुटून, काडीकचरा काढून बादलीत भरपूर पाण्यात ढवळा. ढवळणं थांबवून साधारण मिनिटभर थांबा. तेवढ्यात वाळू तळाला जाते. वरचं गढूळ पाणी हलक्या हाताने दुसऱ्या भांड्यात ओता आणि तळाची वाळू टाकून द्या. असं तीनदा करा. शेवटचं गढूळ पाणी झाकून रात्रभर ठेवलं की तळाला सायीसारखा गाळ बसतो. वरचं नितळ पाणी काढून टाका, गाळ ताटलीत पसरून सावलीत सुकवा. ही पपडी चिमटीत चोळून बघा. बोटांना कण लागला नाही पाहिजे, आणि बोटांच्या रेषांत रंग भरून त्या ठशासारख्या उठून दिसल्या पाहिजेत. कण लागला तर पुन्हा कुटा आणि वस्त्रगाळ करा.

मातीचा रंग बदलायचा असेल तर ती भाजा. पिवळ्या मातीत लोहाशी पाणी बांधलेलं असतं. ताप मिळाला की ते निघून जातं आणि मागे तांबडी लोहभस्मं उरतात. जुन्या लोखंडी तव्यावर, खिडक्या उघड्या ठेवून, मोठ्या आचेवर सुकी पिवळी पूड परतत राहा आणि दर पाच मिनिटांनी चमचाभर बाहेर काढा. पिवळा, मधासारखा, विटकरी, मग गेरूसारखा. एका मुठीतून चार-पाच रंग, आणि एकाच मातीचे असल्यामुळे ते चित्रात शेजारी बसले तरी भांडत नाहीत. इटलीतल्या सिएना गावाच्या मातीचे कच्चा सिएना आणि भाजका सिएना हे दोन रंग चित्रकारांना माहीत आहेत, ते याच रीतीचे. भाजण्यासाठी स्वतः आणलेलीच माती घ्या. पिवडीच्या नावाने मिळणाऱ्या पुडीत काय आहे ते माहीत नसेल तर ती तव्यावर घालू नका.

इथे अमेरिकेतलं एक काम सांगावंसं वाटतं. ओहायोतल्या बंद पडलेल्या कोळसा खाणींतून लोहाने भरलेलं आम्ल पाणी ओढ्यांत उतरतं आणि ओढे नारिंगी होऊन मरतात. ओहायो विद्यापीठातले चित्रकार जॉन सॅब्रॉ आणि अभियंते गाय रीफ्लर यांनी त्या पाण्यातलं लोह खाली बसवून, सुकवून, भाजून त्याचे चित्रकारांसाठी रंग केले. तुम्ही बादलीत आणि तव्यावर जे केलंत तेच हे, फक्त मोठ्या प्रमाणावर, आणि ओढा साफ करण्यासाठी.

आता डिंक. बाभळीचा किंवा धावड्याचा डिंक घ्या, लाडवात घालतो तोच. कतिरा घेऊ नका, तो विरघळत नाही, नुसता फुगतो. 20 ग्रॅम डिंक कुटून 40 मिलिलिटर गरम पाण्यात भिजवून रात्रभर ठेवा, सकाळी मलमलीतून गाळा. त्यात अर्धा चमचा मध आणि लवंग तेलाचे दोन थेंब घाला. मधामुळे वडी तडकत नाही आणि ओल्या ब्रशला लगेच विरघळते. लवंग तेलाने बुरशी लांब राहते. पावसाळ्यात मध निम्मा करा, कारण तो हवेतली ओल ओढतो आणि वड्या आठवडाभर चिकटच राहतात. मुंग्यांचा त्रास असेल तर मधाऐवजी ग्लिसरीन.

गुळगुळीत ग्रॅनाइटच्या किंवा जाड काचेच्या तुकड्यावर चमचाभर पूड घ्या, मध्ये आळं करा, त्यात तेवढंच डिंकपाणी घाला आणि चाकूने कालवा. मग सपाट, जाड बुडाच्या काचेच्या बाटलीने गोल गोल घोटा. पहिली पाच मिनिटं खरखर ऐकू येईल. ती कमी होत होत थांबते आणि बाटली काचेला धरायला लागते. सरकवायला जोर लागला, रंगाला चकाकी आली, की झालं. एकूण वीस मिनिटं तरी जातात. काजळाला जास्त, कारण काजळी पाण्याला जवळच करत नाही, वर तरंगत राहते. तिच्यात आधी स्पिरिटचे चार थेंब घाला, मग डिंक. बंगळूरच्या ग्रॅविकी लॅब्जने गाड्यांच्या धुरातली काजळी पकडून एअर-इंक नावाची शाई केली. काजळी तीच जुनी, दिव्याऐवजी धुराड्यातली. पण धुरात विषारी धातूही असतात आणि ते काढायला प्रयोगशाळा लागते, तेव्हा घरी मोटारसायकलच्या नळीवरची काजळी खरवडू नका. तेलाच्या दिव्यावर ताटली उपडी धरून मिळते ती पुरते.

रंग भरून ठेवायला तिसऱ्यांच्या शिंपल्यांसारखं भांडं नाही. लघुचित्रं काढणारे कलावंतही शिंपल्यांतच रंग ठेवत. थोडा थोडा भरा, सुकू द्या, खड्डा पडला की पुन्हा भरा. एकदम भरलात तर मध्ये भेग पडते.

मग कागदावर पट्टा ओढून सुकल्यावर बोटाने घासा. पूड हाताला आली तर डिंक कमी पडला. पट्टा चकाकतोय आणि तडकतोय तर डिंक जास्त झाला. दुसऱ्या पट्ट्याचा अर्धा भाग काळ्या कागदाने झाकून महिनाभर दक्षिणेच्या खिडकीत लावा. एका पट्टीवर हळद आणि गेरू शेजारी शेजारी लावून ठेवलेत तर माझं वरचं म्हणणं तुमच्या डोळ्यांनी खरं-खोटं करता येईल.

निळा कुठून आणायचा, हे सगळे विचारतात. अजिंठ्यालाही तो बाहेरून, अफगाणिस्तानातल्या राजवर्ताच्या दगडातून आला. आज त्याचा कृत्रिम भाऊ कपड्यांच्या निळीच्या पुडीत मिळतो. द्रवरूप नीळ मात्र वेगळी, तो विरघळणारा रंग. पूड खरी आहे का बघायचं तर चिमटीवर लिंबू पिळा. खरी असेल तर निळा विटत जातो आणि सडक्या अंड्याचा हलका वास येतो. म्हणून या निळ्याच्या जवळ आंबट काही येऊ देऊ नका, आणि खालच्या भागातल्या शाईशी तो मिसळू नका.

हिरड्याची शाई: आधी न दिसणारी रेघ

लोखंडी कढईत आवळे शिजवले की काळे पडतात. विळीवर केळफूल चिरलं की बोटं काळी होतात. आवळा, हिरडा, चहा, डाळिंबाची साल यांत टॅनिन असतं. ते लोहाला भेटलं की काळसर निळं संयुग तयार होतं. वाटून, घोटून आणलेला रंग वर लावायचा नाही, दोन जवळजवळ बिनरंगी पाणी भेटवायची आणि रंग तिथल्या तिथे जन्माला घालायचा. डिंकाचा रंग कागदावर बसतो. हा कागदाच्या आत शिरून मग काळा होतो, म्हणून पाण्याने सहज पुसला जात नाही.

30 ग्रॅम हिरडा भरड कुटून 300 मिलिलिटर पाण्यात स्टीलच्या पातेल्यात अर्धा तास मंद उकळा. अॅल्युमिनियमचं किंवा लोखंडी भांडं नको. थंड करून गाळा. चहाच्या रंगाचा काढा मिळेल. दुसऱ्या काचेच्या भांड्यात चिमूटभर म्हणजे एखादा ग्रॅम हिराकस, म्हणजे लोहाचा क्षार (फेरस सल्फेट), 100 मिलिलिटर पाण्यात विरघळवा. हिराकस मिळाला नाही तर गंजके खिळे आठवडाभर व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवा, झाकण सैल ठेवून. हातमोजे घाला, आणि दोन्ही बरण्यांवर नाव लिहून मुलांच्या हाताबाहेर ठेवा.

आता दोन्ही एकत्र करू नका. नेहमीची शाई नंतर. आधी बोरूने, नसेल तर वेताची काडी तासून, नुसत्या काढ्याने कागदावर काहीही काढा. पिंपळाचं पान, नाव, जाळी. सुकलं की जेमतेम पिवळट दिसेल. मग रुंद मऊ ब्रशने त्यावरून हिराकसाचं पाणी फिरवा, एकदाच, न घासता. ब्रश जाईल तिथे रेघ आधी राखाडी होते, मग जांभळट, आणि श्वास घेऊन सोडेपर्यंत काळी. पुढचा अर्धा तास हवेतल्या प्राणवायूने आणखी गडद होत राहते. मी हे कितीतरी वेळा शिकवलं आहे, आणि या क्षणाला खोलीत कोणी बोलत नाही.

इथून पुढे प्रयोगाला अंत नाही. काढा दोनदा लावलेल्या जागा जास्त काळ्या होतात, म्हणजे छटा तुम्ही आधी, न दिसणाऱ्या थरांत ठरवता. चहाच्या पाण्याने काढलेलं राखाडीवरच थांबतं. आणि काळ्या झालेल्या जागेवर लिंबाच्या रसात बुडवलेली काडी फिरवली तर रस लोह ओढून घेतो आणि पिवळट पांढरी रेघ उघडी पडते. म्हणजे काढा ही पेन्सिल, हिराकस हा दिवा आणि लिंबू हा खोडरबर. रंग न विकत घेता एवढं हातात येतं.

कापडावर हेच करून बघा. आंध्रातल्या श्रीकालहस्तीच्या कलमकारीत सुती कापड हिरडा आणि म्हशीच्या दुधात बुडवून सुकवतात आणि गूळ व लोखंड आंबवून केलेल्या पाण्याने रेघ काढतात. दुधातल्या स्निग्धांशामुळे रेघ फुटत नाही. तुम्ही धुऊन खळ काढलेला मांजरपाटाचा तुकडा घ्या, काढ्यात तासभर भिजवून पिळा आणि ओला असतानाच त्यावर जुन्या किल्ल्या, साखळी, बिजागरी, घोड्याची नाल मांडा. लोखंडच हवं, पितळ किंवा स्टील चालणार नाही. वर थोडं व्हिनेगर शिंपडा, कापड घट्ट गुंडाळा, प्लास्टिकमध्ये रात्रभर ठेवा. सकाळी उघडलं की किल्लीचे दाते, कडीचं भोक, गंजाचे ठिपके सगळं कापडावर काळ्या-निळ्यात उतरलेलं असतं. एका बंद वाड्याच्या किल्ल्यांचा जुडगा मी असा कापडावर घेतला होता. सगळ्यात मोठ्या किल्लीवर गंजाखाली काहीतरी कोरलेलं होतं. हाताने ते वाचता येत नव्हतं, कापडावर दोन अक्षरं उलटी उमटली. ठसा घेतल्यावर कापड खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवून मग भरपूर धुवा, नाहीतर आम्ल धागा खात राहतं.

लिहायची शाई हवी असेल तर तोच काढा घ्या, त्यात 10 ग्रॅम हिराकस आणि 10 ग्रॅम डिंक घालून दोन दिवस अधूनमधून ढवळत ठेवा, मग गाळा. बोरू किंवा टाकासाठी छान, फाउंटन पेनात कधीही नाही. ती शाई आम्ल असते, धातू आणि शतकांच्या हिशेबाने कागदही खाते. जपून ठेवायच्या कामाला काजळ आणि डिंकाची काळी शाईच बरी. कागद म्हणून हातकागद घ्या. पुण्याच्या शिवाजीनगरात हातकागद संस्था आहे, तिथे कागदाला हात लावून निवडता येतो. खळ दिलेला घ्या, नाहीतर रेघ फुटते.

काव: चुन्यात गोठलेला तांबडा

गोवा आणि दक्षिण कोकणातल्या काही जुन्या देवळांवर पांढऱ्यावर तांबड्या नक्षीचं काम दिसतं. ते कावीकाम. काव म्हणजे तांबडी माती. पांढऱ्या चुन्याच्या गिलाव्यावर कावेचा थर देतात आणि तो ओला असतानाच अणकुचीदार हत्याराने खरवडून खालचा पांढरा उघडा करतात. यात डिंक नाही, खळ नाही. ओला चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पुन्हा चुनखडी होतो आणि रंगाचे कण त्या दगडात अडकतात. कोकणात शिंपल्या भाजून चुना करत, म्हणजे डिंकाच्या रंगाला जी शिंपली वाटी म्हणून वापरलीत तिचीच ही दुसरी गत.

पहिला प्रयत्न भिंतीवर करू नका, सपाट मंगलोरी कौलाच्या मागच्या बाजूवर करा. चुना विझवलेला, मळलेला विकत घ्या. कळीचा चुना घरी विझवू नका, तो उकळतो आणि उडतो. चष्मा आणि हातमोजे हवेतच, विझवलेलाही डोळ्यात गेला तर नुकसान करतो.

कौल रात्रभर पाण्यात ठेवा. एक भाग चुना आणि दोन भाग धुतलेली बारीक वाळू कालवून बोटाच्या पेराएवढा थर द्या आणि थापीने सपाट करा. अंगठा दाबल्यावर ठसा उठतो पण चुना अंगठ्याला लागत नाही, एवढा तो आवळला की वर चुन्यात निम्मी काव कालवलेला दाट हात ब्रशने द्या, दोनदा. काव म्हणजे तुम्हीच निथळलेली तांबडी माती. पाण्याची चमक गेली की कंपासाच्या टोकाने वर्तुळं, खिळ्याने रेघा. लवकर केलंत तर कड फाटते, उशीर केलात तर टवके उडतात. मधला वेळ हवेवर अवलंबून असतो, उन्हाळ्यात वीस मिनिटं, पावसाळ्यात दोन तासही. म्हणून शेजारी एक छोटा तुकडा वाया घालवायला ठेवा आणि त्यावर दर पाच मिनिटांनी एक रेघ ओढून बघा. रेघेची कड सुरीने कापल्यासारखी आली की कौलाकडे वळा. तिथून पुढे थांबायचं नाही, म्हणून नक्षी आधीच कागदावर ठरलेली हवी. साधी घ्या. सहा पाकळ्यांचं फूल कंपास न उघडता-मिटता निघतं.

झाल्यावर कौल सावलीत ठेवा, वर ओलं पोतं, पण नक्षीला न टेकता, चार विटांवर तोलून. आठ दिवस पोतं सुकू देऊ नका. नवव्या दिवशी काढा, बोट फिरवा आणि बोटाकडे बघा.